गफार मेटचे बहात्तर तास

नळदुर्गहून अणदूरकडं जाताना हायवेच्या डाव्या अंगाला मुरमाची एक वाट फुटते. त्या वाटेनं आत गेलं की गौरीशंकर शेठची खदान. काळा दगड सुरुंगानं उडवायचा, पोकलेननं उचलायचा, क्रशरला घालून त्याची खडी करायची, हे तिथलं काम. गफार शेख त्या खदानीचा मेट होता. मेट म्हणजे नुसता मुकादम नव्हे. खाण कायद्यानं त्याची परीक्षा असते, सर्टिफिकेट असतं, त्यावर नंबर असतो. रोज सकाळी माणसं आत उतरायच्या आधी मेटनं सगळी भिंत नजरेखालून घालायची. कुठं भेग दिसली, सुटा दगड दिसला, तर तो आधी पाडून घ्यायचा, तोवर खाली कुणाला जाऊ द्यायचं नाही. मग वहीत लिहून सही करायची. गफारनं तिसऱ्या खेपेला ती परीक्षा पास केली, तेव्हा त्याच्या बायकोनं, फरिदाबीनं, अख्ख्या गल्लीत शेवया वाटल्या होत्या.

बावीस वर्षं त्यानं दगडात काढली होती. सुटायच्या आधी भिंत बारीक खडे गाळते, तो आवाज ऐकायला शिका, असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा.

कायदा म्हणतो, दगड पायऱ्यापायऱ्यांनी कापत खाली उतरा, म्हणजे वरचं सुटलं तरी पायरीवर अडतं. पण पायऱ्या कापायला वेळ जातो, आणि रस्त्याच्या ठेकेदाराला खडी कालच हवी असते. खदानीची पूर्वेची भिंत चाळीस फूट सरळसोट उभी होती. दिवाळीनंतरच्या एका सुरुंगानं तिच्या माथ्यावर भेग गेली. आधी बोट जाईल एवढी, मग हात जाईल एवढी. गफारनं ते वहीत लिहिलं. खाली काम बंद ठेवावं, असंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वहीच नवी आली. मॅनेजर योगीराज म्हणाला, जुनीवर चहा सांडला. योगीराज चौतिशीतला, गोड बोलणारा माणूस. असलं काही असेल तर गफारभाईंनी तोंडी सांगावं, वही बाहेरच्या साहेबांपुढं जाते, असं त्यानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं. त्यानंतर गफार तोंडी सांगत राहिला, आणि वहीत ‘सर्व ठीक’ लिहून सही करत राहिला. सतरा दिवस.

अठराव्या दिवशी, पौषातल्या एका मंगळवारी, योगीराजनं पूर्वेच्या भिंतीच्या पायथ्याला सुरुंगासाठी भोकं मारायला सांगितली. दगड तिथलाच हवा होता. मशीन धरायला गुंडाप्पा होता.

गुंडाप्पा अणदूरच्या शिवारातल्या वस्तीवरचा धनगर. पाच वर्षांपूर्वी बहुतेक मेंढरं विकून त्यानं दगड फोडायचं मशीन हाती घेतलं होतं. उरलेली दहाबारा मेंढरं बायको, सिताबाई, राखायची. खदानीच्या रजिस्टरात त्याचं नाव नव्हतं. रोजावरची माणसं रजिस्टरला चढवायची नाहीत, ही तिथली जुनी रीत. मशीन खांद्यावर घेऊन तो भिंतीपाशी गेला, थांबला, आणि मान वर करून बघत राहिला.

“मेट, वरचं काय म्हणतंय?”

गफारनंही वर पाहिलं. भेग त्याला दिसत होती. त्या सकाळी तो माथ्यावर चढलाच नव्हता. चढून काय बघायचं, तेच ते, असं म्हणून त्यानं खालूनच सही केली होती.

“काय म्हणत न्हाय. तासाभराचं काम हाय. आवर.”

गुंडाप्पानं मान डोलावली. पटक्याचं टोक तोंडाला बांधलं आणि मशीन चालू केलं.

सव्वादहाला भिंत सुटली. गफार साठेक पावलांवर, मशीनला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरपाशी होता. कंप्रेसरच्या धडधडीत खडे गाळल्याचा आवाज कुणालाच आला नाही. पायाखालची जमीन हलली आणि धूळ उठली, एवढंच. धूळ बसायच्या आत गफार पळत सुटला होता. हातांनी दगड ओढत होता, ओरडत होता, आणि आपण काय ओरडतोय हे त्याला स्वतःलाच कळत नव्हतं. पोकलेनवाला वीरप्पा मशीन घेऊन आला. त्यानं अगदी हलक्या हातानं दोन मोठे धोंडे बाजूला केले. तासाभरानं गुंडाप्पाला बाहेर काढलं. दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी नेलं.

दुपारी योगीराजनं गफारला ऑफिसात बोलावून दार लोटून घेतलं. शेठचं बोलणं झालंय, म्हणाला. गुंडाप्पा इथं कामाला नव्हताच. धनगर माणूस, मेंढरं घेऊन खदानीकडं भटकला, नको म्हटलं तरी आत शिरला, आणि वरचा दगड पडला. पोलिसांना तेच सांगितलंय आणि त्यांनी तेच लिहून घेतलंय. सिताबाईला शेठ वाऱ्यावर सोडणार नाहीत. गफारनं फक्त एक करायचं, कुणी विचारलं तर हेच सांगायचं.

योगीराजनं वही त्याच्यापुढं सरकवली. आजच्या तारखेला ‘सर्व ठीक’ आणि खाली त्याची सही.

“गफारभाई, मी तुमच्याच भल्याचं सांगतोय. तो कामगार ठरला, तर पहिला आत कोण जाईल? भिंत ठीक आहे, असं मी लिहिलेलं नाही.”

हे खोटं नव्हतं. उठता उठता तो ‘बरं’ म्हणाला. नंतर कितीतरी दिवस त्याला तो ‘बरं’ आठवायचा आणि तो स्वतःलाच शिव्या घालायचा.

चारच्या सुमाराला तो पुन्हा भिंतीपाशी गेला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मोठे धोंडे तसेच पडलेले होते. त्यांच्याखाली गुंडाप्पाचं मशीन अडकून होतं, आणि मशीनची रबरी नळी धोंड्यांखालून निघून थेट कंप्रेसरपर्यंत आलेली होती. त्या सगळ्याच्या वर, कुणीतरी नीट ठेवल्यासारखी, एक मेंढक्याची काठी होती. शेजारी घोंगडी.

गफारनं कंप्रेसरवरच्या माणसाला विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, मॅनेजरनं वस्तीवर गाडी पाठवली होती. मातीच्या वेळी खड्ड्यात सोबत ठेवायला मालकाची काठी आणि घोंगडी द्या, असं सिताबाईला सांगितलं. तिनं खुंटीवरची काढून दिली.

गफार तिथंच एका दगडावर बसला. त्या बाईनं रडत रडत काठी हुडकली असेल, पुसली असेल, असं त्याच्या मनात आलं. आणि तिच्याच हातच्या काठीनं तिच्या नवऱ्याला परका ठरवायचं चाललं होतं.

ऑफिसच्या बाहेर भिंतीवर एक फलक होता. कायद्यानं लावावा लागतो म्हणून लावलेला, धुळीनं अक्षरं बुजलेला. गफारनं तळहातानं तो पुसला. खाली खाण सुरक्षा कार्यालयाचा नंबर होता. तो क्रशरच्या मागं गेला आणि फोन लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे खदान कुठली, मालक कोण, मयत किती ते विचारलं. मग तुम्ही कोण, म्हणून विचारलं.

क्षणभर गफारला वाटलं, कापून टाकावा फोन.

“मेट,” तो म्हणाला. “सर्टिफिकेटचा नंबर सांगतो, लिहून घ्या. भिंत ठीक हाय म्हणून सही म्याच केली हाय.”

पलीकडच्या माणसानं लिहून घेतलं आणि सांगितलं की अपघाताची जागा जशी आहे तशीच राहिली पाहिजे. निरीक्षक येईपर्यंत तिथला दगडसुद्धा हलवायचा नाही, तसा कायदाच आहे. निरीक्षक साहेब दुसऱ्या जिल्ह्यातल्या अपघातावर आहेत, शुक्रवारी सकाळपर्यंत पोचतील. मात्र बहात्तर तासांत ते पोचले नाहीत, तर मालकाला तिथं काम सुरू करता येतं.

गफारनं बोटांवर मोजलं. मंगळवार सव्वादहा ते शुक्रवार सव्वादहा.

घरी त्यानं फरिदाबीला सगळं सांगितलं. भेगेचं, नव्या वहीचं, अठरा सह्यांचं. गुंडाप्पानं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेवढं सोडून. फरिदाबी चुलीपुढं बसून ऐकत होती. तिनं ताट वाढलं नाही की आदळआपटही केली नाही. फक्त एकच विचारलं.

“कायकू सही किये तुम?”

नोकरी जाईल म्हणून, असं म्हणता आलं असतं, पण ते त्याला स्वतःलाच पुरेसं वाटेना. फरिदाबीनं नंतर भाकरी फडक्यात बांधून दिली आणि सांगितलं, जायचं असेल तर आत्ताच जा, नाहीतर ते लोक पहाटे मशीन लावतील. तिचा आवाज कोरडा होता. त्या बोलण्यात शाबासकी नव्हती, रागही नव्हता.

तिचं म्हणणं खरं ठरलं. बुधवारी उजाडता उजाडता वीरप्पा पोकलेन घेऊन पूर्वेच्या भिंतीकडं आला. मागं योगीराजची मोटरसायकल. गफार धोंड्यांपुढं घोंगडी पांघरून बसला होता, गुंडाप्पाची नव्हे, घरून आणलेली. डोक्यावर भिंतीचा उरलेला तुकडा पुढं झुकलेला होता. मंगळवारी सगळी भिंत पडली नव्हती. अर्धी अजून वर होती आणि भेग तिच्यातही होती.

योगीराजनं आधी समजावलं. मग शेठला फोन लावून गफारच्या कानाला दिला. गौरीशंकर शेठ म्हणाले, तीस माणसांची चूल या खदानीवर आहे, एका मेलेल्या माणसासाठी ती विझवू नका. गफारनं फोन परत दिला आणि म्हणाला, साहेब येईपर्यंत जागा हलवायची नाही, कायदा आहे. हे शब्द त्याच्या तोंडात त्यालाच परके वाटले. बावीस वर्षांत त्यानं ते कधी मोठ्यानं उच्चारले नव्हते.

“कायदा?” योगीराज म्हणाला. “सतरा दिवस कुठं होता तुमचा कायदा?”

गफारला हे वर्मी लागलं. तरी तो उठला नाही. योगीराजनं वीरप्पाला मशीन पुढं घ्यायला सांगितलं. पोकलेनचा पट्टा करकरत दोन हात पुढं आला आणि थांबला. वीरप्पानं काचेतून गफारकडं पाहिलं, मग वरच्या भेगेकडं. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, आणि इंजिन तापलंय, निवेपर्यंत चालवता येणार नाही, असं मॅनेजरला सांगून चावी खिशात घालून निघून गेला. हिवाळ्यातल्या पहाटे इंजिन तापत नाही, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वीरप्पा दोन दिवस परत आला नाही. त्याचा फोनही लागत नव्हता. दुसरा पोकलेनवाला योगीराजला मिळेना. खाली माणूस बसलाय, वर फाटकी भिंत उभी आहे, आमच्या अंगावर नको, असं म्हणून दोघंतिघं वाटेवरूनच परतले.

बुधवार असा गेला. दुपारी उन्हानं दगड तापला की भिंतीतून टिक्‌ टिक्‌ आवाज यायचा आणि गफार जागेवरच आक्रसायचा. एकदोनदा बारीक खडे त्याच्या खांद्यावर गळाले. तो पंधरा पावलं मागं सरकला. त्याहून मागं गेला असता तर धोंड्यांपर्यंत कुणीही पोचलं असतं.

गुरुवारी काम बंद असल्यामुळं खदानीतली माणसं वाटेच्या तोंडाशी येऊन बसली. त्यांच्यातल्या काहींना त्यानं स्वतः काम शिकवलं होतं. त्यातला एकजण ऐकू जाईल असं म्हणाला, की मेटला आता पुण्य कमवायचंय, आमच्या पोटावर पाय देऊन. कुणीच त्याला गप्प केलं नाही. गफारला पाण्याची बाटली हवी होती, पण मागायचं धाडस झालं नाही.

त्याच दुपारी सिताबाई आली. सकाळी तिसऱ्या दिवसाचं करायला मातीवर जाऊन आलेली होती. कपाळ मोकळं होतं. सोबत म्हातारा दीर होता, तो लांबच थांबला. ती चालत सरळ गफारपुढं आली.

“गफारभाई, मॅनेजर म्हणतोय तुमीच धाडलं त्यास्नी भिंतीखाली. खरं हाय का?”

गफार उभा राहिला. दोन दिवस तो जे कुणालाच सांगू शकला नव्हता, ते त्यानं तिला सांगितलं.

“व्हय,” तो म्हणाला. “त्यानं मला विचारलं, मेट, वरचं काय म्हणतंय. मला भेग दिसत हुती. म्या म्हणलं, काय म्हणत न्हाय, आवर.”

सिताबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिनं पदर तोंडाशी नेला नाही की आवाज चढवला नाही. तिनं फक्त दोन्ही हातांनी आपली ओटी घट्ट धरली, जणू कुणी ती हिसकावून नेतंय.

मग तिची नजर धोंड्यांवर गेली आणि तिला काठी दिसली.

“ही हितं कशी? मातीत ठेवाया म्हणून नेली हुती.”

गफारनं सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. तो कामाला नव्हता, मेंढरं घेऊन आत शिरला, असं लिहून द्यायचंय, म्हणून काठी इथं ठेवली. ऐकता ऐकता सिताबाई पुढं झाली आणि काठीला हात घालायला वाकली.

“उचलू नका,” गफार म्हणाला. “हात जोडतो, बाई. ती तिथंच राहू द्या.”

“माझ्या मालकाची हाय ती.”

“म्हणूनच. साहेबानं ती अशीच बघितली पायजे. दगडाखाली त्याचं मशीन हाय, त्याची नळी हाय. काठी वर हाय. काठी कुणी मागनं आणून ठेवली, ते आंधळ्यालाबी कळंल. आज तुमी ती नेली, तर हे दावायला काय उरंल? उद्या म्हणतील मेंढरंबी हुती.”

ती वाकलेलीच राहिली. हात काठीपासून वीतभर लांब होता. “माझ्या हातानं दिली म्या ती,” ती म्हणाली, “फडक्यानं पुसून दिली.” आणि तिथं पहिल्यांदा तिचा बांध फुटला. ती खाली बसली. तिचा तो आवाज ऐकून वाटेच्या तोंडाशी बसलेली माणसं एकेक करून उठली आणि निघून गेली.

त्यानंतर ती रात्रभर तिथंच राहिली. गफारपाशी नाही, खदानीच्या दुसऱ्या कडेला, दिराला घेऊन. दोघांमध्ये एक शब्दही झाला नाही. फरिदाबीनं संध्याकाळी भाकरी पाठवली ती तिघांपुरती. म्हाताऱ्यानं घेतली. सिताबाईनं गफारच्या घरची भाकरी खाल्ली नाही.

शुक्रवारी नऊपासूनच योगीराज घड्याळ बघत उभा होता. या खेपेला त्यानं लांबून, लातूरकडून, नवा पोकलेनवाला आणला होता आणि मशीनही दुसरं होतं. सोबत शेठचे चारपाच जण. योगीराज गफारला म्हणाला, सव्वादहानंतर कायदा माझ्या बाजूनं आहे, तेव्हा मानानं उठा, नाहीतर उचलून बाहेर ठेवू. गफारनं साडेनऊला त्या कार्यालयाला फोन लावला. साहेब निघालेत, सोलापूर सोडलंय, एवढंच कळलं. हायवेवर ट्रकांची रांग असते हे त्याला माहीत होतं. पावणेदहा झाले. दहाला पाच कमी झाले. मशीनचं इंजिन चालू झालं. गफारनं डोळे मिटले आणि दुवा मागायचा प्रयत्न केला, पण एकही शब्द नीट सुचेना. मनात नुसतं गुंडाप्पाचं विचारणं फिरत होतं.

दहा वाजून चार मिनिटांनी मुरमाच्या वाटेवर पांढरी जीप दिसली.

निरीक्षक साहेब किडकिडीत, चष्मेवाले, बुटांवर प्रवासाची धूळ. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की गफार, सिताबाई, योगीराज, सगळ्यांना उरलेल्या भिंतीखालून शंभर पावलं मागं घालवलं. मग टोपी घालून स्वतः एकटे पुढं गेले. टेपनं भिंत मोजली, फोटो काढले, नळी हातानं चाचपत कंप्रेसरपासून धोंड्यापर्यंत गेले. काठी रुमालात धरून उचलली, आडवी केली, खालची बाजू पाहिली. चाळीस फुटांवरून भिंत पडली त्या जागी पडलेल्या काठीवर एक ओरखडा नव्हता. घोंगडीवर भिंत पडतानाच्या धुळीचा थरही नव्हता. त्यांनी योगीराजकडं नुसतं पाहिलं. योगीराज घाम पुसत काहीतरी सांगू लागला. ते म्हणाले, लेखी द्या.

गफारचा जबाब ऑफिसात झाला. त्यानं काही लपवलं नाही. जुन्या वहीबद्दल सांगितलं. वही कुठं आहे, असं साहेबांनी विचारलं. ते गफारला माहीत नव्हतं. म्हणजे तुम्ही लेखी कळवल्याचा पुरावा नाही, ते म्हणाले. नाही, गफार म्हणाला.

“मंगळवारी सकाळी तपासणी केली होती?”

“न्हाय साहेब. सही केली हुती.”

साहेबांचं पेन थांबलं. हे लिहून घेतलं तर तुमच्यावरही खटला होईल, तुम्हाला कळतंय ना, असं त्यांनी विचारलं. मेट म्हणून काम बंद पाडायचा अधिकार कायद्यानं तुम्हाला दिला होता, मॅनेजर काहीही म्हणो. गफार म्हणाला, कळतंय, लिहा.

त्याच दुपारी खदान बंद करायचा हुकूम निघाला. पायऱ्या कापून भिंत सुरक्षित होईपर्यंत आत माणूस उतरवायचा नाही. गुंडाप्पाचं नाव साहेबांनी आपल्या कागदात कामगार म्हणून लिहिलं. गफारचं सर्टिफिकेट चौकशी संपेपर्यंत रोखलं. जायच्या आधी साहेबांनी काठीची आणि घोंगडीची पावती सिताबाईला दिली. वस्तू पुरावा म्हणून ठेवाव्या लागतील, म्हणाले. तिनं अंगठा उठवला आणि ती पावती पदराच्या गाठीत बांधली.

पुढचे महिने वाईट गेले. खदान बंद पडली तशी माणसं ऊसतोडीला, सोलापूरला, कुठंकुठं पांगली. नळदुर्गच्या गल्लीत लोक गफारला सलाम करत, पण थांबत नसत. दुसऱ्या कुठल्या खदानीवर त्याला उभं करेनात. सर्टिफिकेट नाही हे कारण होतंच, पण सर्टिफिकेट असतं तरी केलं नसतं. हायवेवरच्या एका ढाब्यावर त्याला पाणी भरायचं काम मिळालं. तिथं हायवा डंपर गाड्या थांबायच्या, खडीनं भरलेल्या, दुसऱ्या खदानींतून आलेल्या. ताडपत्रीखालची ती काळी खडी बघितली की ही कुठल्या भिंतीखालून आली असेल, तिथल्या मेटनं सकाळी वर चढून बघितलं असेल का, हेच त्याच्या डोक्यात यायचं. रात्री फरिदाबी त्याला हलवून जागं करायची, कारण तो झोपेत ‘आवर, आवर’ म्हणायचा. गुंडाप्पानं काय विचारलं होतं ते त्यानं तिला अखेर एका दुपारी सांगितलं. ती उठून अंगणात गेली आणि दिवस मावळेपर्यंत आत आली नाही.

तुळजापूरच्या कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा उन्हाळा संपत आला होता. आरोपी तिघं, शेठ, योगीराज आणि गफार. शेठच्या वकिलानं गफारला बाहेर गाठून सांगितलं, आम्ही तुमचीही बाजू सांभाळतो, फक्त कबूल नाही म्हणा, बाकी वर्षानुवर्षं तारखा पडत राहतील. ते मोह पडण्यासारखं होतं. गफारचं वय झालं होतं, त्याला मधुमेह होता, कैदेची भीती होती. आत न्यायाधीशांनी नाव पुकारून विचारलं, गुन्हा कबूल आहे का. शेठ म्हणाले, नाही. योगीराज म्हणाला, नाही. गफारनं कठड्याला हात घट्ट धरला.

“कबूल हाय,” तो म्हणाला.

वकील त्याच्याकडं वेड लागल्यासारखा बघत राहिला. न्यायाधीशांनी पुन्हा एकदा समजावून विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. ते टिपून घेतलं गेलं, त्याच्या शिक्षेसाठी वेगळी तारीख पडली, आणि सगळे बाहेर आले. त्याला वाटलं होतं की हे बोलून टाकलं की आत काहीतरी हलकं होईल. तसं झालं नाही. छातीवर तेवढाच दगड होता.

सिताबाई साक्षीदार म्हणून आली होती. तिचा नंबर लागला नव्हता. आवारातल्या लिंबाखाली ती एकटीच पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दीर आजारी पडला होता. तिला टाळून गेटकडं जावं, असं गफारच्या मनात आलं, पण तिनंच त्याला पाहिलं आणि उठली.

“आत काय म्हणलासा?” तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं.

आवारात नावं पुकारली जात होती, झेरॉक्सवाल्याच्या टपरीपाशी गर्दी होती. शेठची गाडी धूळ उडवत गेटातून बाहेर गेली. शेठचा माणूस दोनदा वस्तीवर येऊन गेला, मालक मेंढरंच राखत हुता असं सांग म्हणत हुता, असं तिनं सांगितलं. तिनं त्याला दारातूनच घालवलं होतं.

“म्या तुमाला माफ केलं न्हाय, गफारभाई,” ती म्हणाली. “करणारबी न्हाय.”

“करू नका,” तो म्हणाला.

बस स्टँडवर दोघं एकाच गाडीसाठी उभी राहिली. मध्ये चार माणसांचं अंतर होतं. नळदुर्गची एसटी लागली, लोक खिडकीतून रुमाल टाकू लागले. सिताबाई दाराशी गर्दीत अडकली, मग मागं वळली आणि त्याला शोधून म्हणाली,

“फुडल्या तारखेला येताना मला हाक मारा. त्या कोर्टात कंची खोली कुठं, मला घावत न्हाय.”

गफार ‘बरं’ म्हणाला, आणि ती आत चढल्यावर तिच्या मागनं चढला.